पंच्याहत्तरी हे निदान नव्हे

ऑक्टोबर २०१४ च्या अंकात 'द अटलांटिक' या अमेरिकन मासिकाने डॉ. इझिकील इमॅन्युएल यांचा एक लेख छापला. आपल्याला पंच्याहत्तराव्या वर्षी मरण यावं अशी आपली इच्छा आहे, हा त्याचा विषय. लिहिणारा कुणी ऐरागैरा नव्हता. कर्करोगतज्ज्ञ, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकीय नीतिशास्त्राचे प्राध्यापक, ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याच्या घडणीच्या काळात व्हाइट हाउसचे सल्लागार. वय तेव्हा सत्तावन्न, प्रकृती ठणठणीत, नुकतेच किलिमांजारो चढून आलेले. अशा माणसाने मरणाचं वय ठरवून टाकलं म्हटल्यावर गदारोळ होणारच होता.

त्यांचं म्हणणं आधी सरळ मांडायला हवं, कारण त्यांच्यावर तुटून पडलेल्या अनेकांनी ते धड वाचलेलंच नाही. इमॅन्युएल आत्महत्येची भलामण करत नाहीत. इच्छामरणाच्या कायद्याला त्यांचा विरोध आहे आणि तो त्यांनी त्याच लेखात पुन्हा नोंदवला आहे. ते एवढंच म्हणतात, की पंच्याहत्तरीनंतर निव्वळ आयुष्य लांबवणारा उपचार मी घेणार नाही. तपासण्या बंद. मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी तर पासष्टीलाच बंद. बायपास नाही, हृदयाची झडप बदलणं नाही, पेसमेकर नाही, फ्लूची लस नाही. न्यूमोनिया झाला किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तर अँटिबायोटिकही नाही. वेदना किंवा अपंगत्व कमी करण्यापुरते उपचार तेवढे चालतील.

त्यांचा राग कशावर आहे हे कोणत्याही फिजिशियनला कळेल. शरीर थकून मिटत आलेलं असताना नळ्या खुपसायच्या, हात पलंगाला बांधायचे, चौदा दिवस आयसीयूत ठेवायचं आणि मग बिल भरून देह ताब्यात घ्यायचा, हे मरण कुणाच्याच वाट्याला येऊ नये. व्यायाम, गोळ्या आणि रसांच्या जोरावर मृत्यूला हुलकावणी देऊ पाहणाऱ्या 'अमर अमेरिकना'ची त्यांनी उडवलेली खिल्लीही रास्त आहे. भांडण आहे ते पंच्याहत्तर या आकड्याशी आणि तो आकडा ज्या मोजपट्टीने काढला तिच्याशी.

मराठी वाचकाच्या ओठावर पहिलं उत्तर येईल ते महर्षी कर्व्यांचं. १८५८ चा जन्म, १९६२ ला मृत्यू, एकशे चार वर्षांचं आयुष्य. पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांनी १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं आणि १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ. भारतरत्न मिळालं तेव्हा वयाची शंभरी भरलेली. इमॅन्युएलना गप्प करायला एवढं पुरे, असं वाटतं. पण हे उत्तर मी देणार नाही. एक तर असे लोक अपवाद असतात हे त्यांनी आधीच मान्य करून ठेवलंय. दुसरं म्हणजे कर्व्यांना साक्षीला बोलावलं, की आपण त्यांची मोजपट्टी मुकाट्याने स्वीकारतो: म्हाताऱ्याने जगायचं तर काहीतरी करून दाखवायला हवं. समता संघ न काढणाऱ्या शहाऐंशी वर्षांच्या माणसाने मग काय करावं?

ही मोजपट्टी त्यांच्या लेखात पानोपानी आहे. मानसशास्त्रज्ञ डीन कीथ सायमनटन यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन ते सर्जनशीलतेचा आलेख काढतात: कारकिर्दीच्या सुरुवातीला वेगाने चढ, चाळिशी-पंचेचाळिशीच्या सुमारास शिखर, मग संथ उतार. शास्त्रज्ञ, संगीतकार, लेखक यांच्यासाठी तो सरासरीने खराही असेल. पण हा आलेख कुणाचा आहे? ज्यांच्या कामाची यादी करता येते त्यांचा. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेल्या बाईची कारकीर्द कुठल्या अक्षावर मांडणार? तिला शिखर कधी नव्हतंच, मग उतार कुठून आणायचा? एका प्राध्यापकाच्या धंद्यातला आलेख घेऊन सगळ्या माणसांच्या जगण्याची मुदत ठरवणं, हा विज्ञानाचा झगा घातलेला वर्गाभिमान आहे.

वय वाढतं तशा माणसाच्या अपेक्षा आक्रसत जातात, तो जमेल तेवढ्यातच समाधान मानायला लागतो, अशीही इमॅन्युएल यांची तक्रार आहे. पण हे कोणत्या वयात होत नाही? रणजी खेळण्याचं स्वप्न पंचविशीत सुटतं, चाळिशीत माणूस संध्याकाळी टेनिस बॉलवर खेळतो, पन्नाशीत नातवंडांना गोलंदाजी करतो. त्याला कुणी ऱ्हास म्हणत नाही; शहाणपण म्हणतात. हीच तडजोड ऐंशीव्या वर्षी केली, की ती जगण्याची नामुष्की कशी होते?

त्यांच्या विरोधातला सगळ्यात भक्कम साक्षीदार त्यांनी स्वतःच उभा केला आहे. त्यांचे वडील शिकागोत बालरोगतज्ज्ञ होते. सत्त्याहत्तरी पुरी व्हायला थोडाच अवधी असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली. त्यानंतर चाल मंदावली, बोलणं मंदावलं, रुग्णालयातल्या फेऱ्या थांबल्या. मुलगा हे सगळं घसरणीचा पुरावा म्हणून लिहितो. आणि मग प्रामाणिकपणे हेही नोंदवतो, की वडील स्वतःला सुखी म्हणतात. लेख छापून आला तेव्हा ते सत्त्याऐंशीच्या आसपास होते. मुलाच्या नियमाने चाललं असतं तर ती बायपास झालीच नसती. इथे लेख संपायला हवा होता. ज्याचं आयुष्य आहे तो म्हणतो मी सुखात आहे, आणि बाजूला उभा असलेला धडधाकट माणूस म्हणतो, हे जगणं काही खरं नाही. यातलं कुणाचं मत ग्राह्य धरायचं, हे वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवतात.

आता उपचारांची यादी तपासू. आयुष्य लांबवणारे उपचार एका बाजूला आणि त्रास कमी करणारे दुसऱ्या बाजूला, अशी त्यांनी रेघ मारली आहे. कागदावर ती सुबक दिसते. रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवलं की पुसली जाते.

ओपीडीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी येतात. मुलगा सांगतो, चक्कर येते, महिन्याभरात दोनदा पडल्या, एकदा न्हाणीत. आधीच्या डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या देऊन 'वय झालं आता' म्हणून परत पाठवलेलं असतं. नाडी बघावी तर एक ठोका लागतो आणि पुढच्याची वाट बघताना आपलाच श्वास अडकतो. मिनिटाला चौतीस. ईसीजीवर वरच्या कप्प्यांचा नि खालच्या कप्प्यांचा मेळ सुटलेला. पूर्ण हार्ट ब्लॉक. गळपट्टीच्या हाडाखाली, तेवढीच जागा बधिर करून, तासाभरात पेसमेकर बसतो आणि आजी आपल्या पायांनी घरी जातात. हा उपचार आयुष्य लांबवणारा, की चक्कर थांबवणारा? दोन्ही. नाकारला तर मरण लगेच येईलच असंही नाही. आधी बहुतेक खुबा मोडेल. मग अंथरूण, मग पाठीला जखमा, मग छातीत कफ. पेसमेकर नको म्हणणाऱ्याच्या मनात झोपेतलं मरण असतं. पदरात पडतो तो न्हाणीघराचा ओला कोबा.

अँटिबायोटिकचंही तेच. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत जंतू झाले तर जळजळीची तक्रार येतेच असं नाही. घरचे सांगतात, कालपासून काहीतरीच बोलतायत, रात्रभर चादरीचे धागे ओढत होत्या, मेलेल्या भावाला हाका मारत होत्या. घरात म्हातारचळ लागला म्हणून ठरून गेलेलं असतं. लघवी तपासायची, योग्य औषधाचा पाच-सात दिवसांचा कोर्स द्यायचा, आणि आठवड्याने बहुतेक वेळा त्याच आजी सुनेने भाजीत मीठ कमी घातलं म्हणून कुरकुरत असतात. त्या गोळ्या नाकारल्या तर त्यांना शांत मरण मिळेल याची हमी कुणी दिली? मिळतील ते तापाचे नि भ्रमाचे दिवस, आणि हात धरून बसलेली, जागून जागून चिडलेली माणसं.

न्यूमोनिया हा म्हाताऱ्यांचा मित्र आहे, हे सर विल्यम ऑस्लर यांचं प्रसिद्ध मत इमॅन्युएल आपल्या बाजूने वापरतात. ऑस्लर आधुनिक वैद्यकाचे थोर गुरू. पण या विषयावर त्यांना साक्षीला बोलावणं महागात पडतं. फेब्रुवारी १९०५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स सोडताना केलेल्या निरोपाच्या भाषणात त्यांनी साठीच्या पुढची माणसं निरुपयोगी असतात असं म्हटलं, आणि अँथनी ट्रोलोपच्या एका कादंबरीचा हवाला देत म्हाताऱ्यांना क्लोरोफॉर्म देण्याबद्दल विनोद केला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तो मथळ्यात खरा करून टाकला. बोलणारा पंचावन्नचा होता. पुढे ऑक्सफर्डला चौदा वर्षं प्राध्यापकी करून १९१९ च्या डिसेंबरात, सत्तराव्या वर्षी, ऑस्लर गेले, न्यूमोनियानेच. तो मित्र कित्येक आठवडे खोकला, ताप आणि छातीतला पू घेऊन मुक्कामाला होता. पन्नाशीतल्या यशस्वी डॉक्टरांना म्हातारपणाचे हिशेब इतके सोपे का वाटतात, याचं उत्तर मला त्यांच्या वयातच दिसतं. सत्तावन्नचा माणूस पंच्याहत्तरीबद्दल जे बोलतो ते ऐकीव असतं.

आकड्यांकडेही त्यांनी एका डोळ्याने पाहिलं आहे. पंच्याऐंशीच्या पुढच्या तीन अमेरिकनांपैकी एकाला अल्झायमर असतो, हे त्यांचं धास्तीचं वाक्य. म्हणजे तिघांपैकी दोघांना नसतो. आणि इथे वय पंच्याऐंशी आहे, पंच्याहत्तर नव्हे. शिवाय हा आकडा दगडावर कोरलेला नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्मृतिभ्रंशाचं नव्याने होण्याचं प्रमाण दर दशकाला सरासरी वीस टक्क्यांनी घटल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने हिशेब मांडला, की जवळपास पंचेचाळीस टक्के स्मृतिभ्रंश चौदा टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेला आहे. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपणा आहे, आणि उपचार न केलेला बहिरेपणा नि अधू नजरही आहे. म्हणजे ज्या गोष्टी 'वय झालं' म्हणून सोडून दिल्या जातात, त्याच पुढे मेंदू पोखरतात. भारतात साठीपुढच्या शंभर माणसांत साधारण सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे. उरलेल्या ब्याण्णवांनी आपली मुदत त्या भीतीच्या हवाली का करावी?

कुणी म्हणेल, एका माणसाने आपली वैयक्तिक इच्छा सांगितली, तुम्ही एवढे पेटता कशाला? कारण डॉक्टर सर्वसामान्यांसाठी लिहितो तेव्हा त्याची इच्छा खासगी राहत नाही. तो आकडा मुलाच्या कानावर पडतो, विमा कंपनीच्या कानावर पडतो, रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरच्या कानावर पडतो. मार्च २०२० मध्ये करोनाने इटलीची रुग्णालयं तुडुंब भरली, तेव्हा तिथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आयसीयूत घेण्यासाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकते असं लिहून दिलं. संकट खरं होतं, खाटा संपल्या होत्या. पण आणीबाणीत माणसाला सुचतं तेच जे शांततेच्या काळात त्याच्या डोक्यात मुरलेलं असतं.

आपल्याकडे तर हा आकडा फार आधीपासून मुरलेला आहे. पंच्याहत्तरीला आपण अमृतमहोत्सव करतो, शाल-श्रीफळ देतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाने दिसत नाही म्हणून सांगितलं, की म्हणतो, आता या वयात काय बघायचंय? अर्ध्या तासाच्या आत होणारी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 'पुढच्या दिवाळीनंतर' ढकलली जाते. कानाचं यंत्र चैनीत मोडतं. मोडलेल्या खुब्याला वजन बांधून माणूस खाटेवर निजवला जातो, कारण या वयात ऑपरेशन झेपेल का. खरं तर न झेपणारी गोष्ट असते ती आडवं पडून राहणं. बाई विधवा असेल आणि तिच्या नावावर जमीन नसेल, तर हे निर्णय आणखी चटकन होतात.

इमॅन्युएल आणि आपल्यातला खरा फरक इथे आहे. अमेरिकेत पासष्टीनंतर सरकारी मेडिकेअर आहे. तिथे बसून पेसमेकर नाकारणं हा त्याग ठरतो. ज्याला तो कुणी देऊच केला नाही, त्याने नाकारायचं काय? आपल्या केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ योजनेत एकोणऐंशीपर्यंतच्या गरीब म्हाताऱ्यासाठी केंद्राचा वाटा महिना दोनशे रुपये आहे, ऐंशीनंतर पाचशे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेची भर धरून दीड हजाराच्या घरात रक्कम जाते. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत घ्यायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. एवढ्याशा हक्कांवर उभ्या असलेल्या माणसाला स्वेच्छेने मागे सरण्याचा उपदेश म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचं महत्त्व सांगणं.

'आता देवानं न्यावं' असं म्हातारी माणसंच म्हणतात की, असा एक युक्तिवाद हमखास येतो. म्हणतात. दर ओपीडीत म्हणतात. त्यानंतर डॉक्टर काय विचारतो यावर सगळं आहे. रात्री झोप लागते का, गुडघा किती दुखतो, जेवायला सोबत कोण असतं, हे विचारलं तर कळतं, की पाय दुखून बाई पहाटेपर्यंत जागी असते, किंवा नवरा गेल्यापासून जेवणावरची वासनाच गेलीय, आणि तिला नैराश्याचा आजार आहे, ज्यावर औषध आहे. किंवा मघाशी केबिनच्या दाराशी मुलाने खर्चाचा आकडा विचारलेला तिने ऐकलेला असतो. दुखणं उतरलं, झोप लागायला लागली, की महिन्याने तीच बाई रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून तणतणत येते. देवाचा विषय निघत नाही. आपण घरात ओझं झालोय का, एवढंच तिला विचारायचं होतं. पंच्याहत्तरीचा नियम त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं देऊन टाकतो.

आपल्या परंपरेचा दाखला देणारेही आहेत. १९६६ मध्ये सावरकरांनी ब्याऐंशीव्या वर्षी अन्न-औषध सोडून प्रायोपवेशन केलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी पवनारला, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, सत्त्याऐंशीव्या वर्षी तोच मार्ग घेतला. त्या निर्णयांबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण दोघांनीही वीस वर्षं आधी पंचांगात तारीख बघून ठेवली नव्हती. शरीराची अवस्था समोर आल्यावर, स्वतःपुरता, शुद्धीत घेतलेला तो निर्णय होता. इमॅन्युएल यांचा नियम नेमकं याच्या उलट चालतो: अवस्था न बघता वय बघतो.

मग रेघ मारायची कशावर? कॅनडातल्या केनेथ रॉकवूड यांनी अशक्तपणा मोजायची नऊ पायऱ्यांची साधी पट्टी बनवली आहे. ती जन्मतारीख विचारत नाही. आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी माणूस स्वतः अंघोळ करत होता का, बाजारात जात होता का, पैशांचे व्यवहार बघत होता का, हे विचारते. त्या पट्टीवर तिसऱ्या पायरीवरचे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा बायपासला उत्तम तोंड देतील, आणि सातव्या पायरीवरचे अडुसष्टचे गृहस्थ कदाचित नाही. या पट्टीलाही मर्यादा आहेत. तरुण अपंगांना ती लावणं चुकीचं, हे ब्रिटनने करोनाच्या पहिल्याच महिन्यात ठेच लागून शिकून घेतलं. पण निदान ती समोरच्या माणसाकडे बघायला लावते.

नको असलेल्या उपचारांना नकार द्यायला आपल्याकडे आता कायद्याची वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत केली. न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. प्रत्येकाने ते करावं, आणि चाळिशीत करावं. मात्र त्यात वय लिहू नये. अवस्था लिहावी: बरं होण्याची शक्यता उरली नसेल, माणसं ओळखता येत नसतील, यंत्रावाचून श्वास चालत नसेल, तर काय करायचं नि काय नाही. माझ्या वतीने कुणी बोलायचं हे लिहावं, आणि ते मत बदललं तर कागदही बदलावा.

हा शेवटचा मुद्दा इमॅन्युएलनाही पटलेला आहे, फक्त त्यांनी तो तळाशी दडवलाय. सगळा युक्तिवाद करून झाल्यावर लेखाच्या अखेरीस ते म्हणतात, की मत बदलण्याचा हक्क मी राखून ठेवतो. २०३२ मध्ये ते पंच्याहत्तरचे होतील, आणि त्यांनी तो हक्क खुशाल वापरावा. तेव्हा छाती भरून आली तर मागून अँटिबायोटिक घ्यावं. त्यांना कुणी हसू नये. पण जो नियम करणाऱ्याला स्वतःसाठी पळवाट ठेवावीशी वाटते, तो नियम इतरांना सांगण्याच्या लायकीचा नसतो. आणि ओपीडीत येणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तर पळवाट मागावीच लागू नये. तिची नाडी मोजा, ईसीजी काढा, तिला काय हवंय ते तिलाच विचारा, आणि वयाचा रकाना केसपेपरवर असतो तेवढाच राहू द्या.